गोरज मुहूर्ताची बावीस मिनिटे

लग्नाला तर तुम्ही सर्वजण गेला आहात. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टके चाललेली असतात आणि मुठीत अक्षता धरून आपण 'सावधान'ची वाट पाहत असतो. शेवटचे 'सावधान' होते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजू लागते आणि दहा-पंधरा सेकंदांत वधूवर एकमेकांना हार घालून मोकळे होतात. मग आपले लक्ष साहजिकच पंगतीकडे वळते. परंतु त्या दहा-पंधरा सेकंदांत मांडवातला एक माणूस श्वास रोखून उभा असतो. तो म्हणजे छायाचित्रकार.

प्रयोगशाळेत आपण लोलकाच्या वीस आंदोलनांचा काळ पाच वेळा मोजतो आणि सरासरी काढतो. एखादे वाचन बिघडले तर ते खोडून नवे घेतो. छायाचित्रकाराला एकच वाचन मिळते. हार घालून झाल्यावर 'पुन्हा घाला' असे सांगता येते खरे, आणि पुष्कळ जण सांगतातही. पण दुसऱ्यांदा घातलेल्या हाराच्या वेळचे चेहरे वेगळे असतात, हे अल्बम चाळणाऱ्या कोणालाही चटकन कळते. म्हणून हे काम आधी गणित करून ठेवण्याचे आहे. ते गणित बहुतांशी तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातलेच आहे.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत गोरज मुहूर्तावर लग्ने लागतात. गोरज म्हणजे गाई रानातून परतताना त्यांच्या खुरांनी उडणारी धूळ. अर्थात सूर्यास्ताची वेळ. छायाचित्रकाराच्या दृष्टीने याहून अवघड वेळ दुसरी नाही. का, ते पाहू.

एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे लक्स या एककात मोजतात. मे महिन्यातल्या दुपारी उघड्या मैदानावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. आकाश निरभ्र असेल, तर सूर्य क्षितिजाखाली जाताना तो सुमारे ४०० लक्सवर आलेला असतो. आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की उरतात अवघे तीन-साडेतीन लक्स. या ६ अंशांना किती वेळ लागतो? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपल्याकडे, म्हणजे साधारण १७ अंश अक्षांशावर, सूर्य क्षितिजाकडे बराचसा उभा उतरतो, त्यामुळे हे अंतर तो २२ ते २४ मिनिटांत कापतो. लंडनला सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो. तिथल्या छायाचित्रकाराला याच कामासाठी अर्धा तास आणि वर काही मिनिटे मिळतात.

आता ४०० ला साडेतीनने भागा. उत्तर येते सुमारे ११५. म्हणजे प्रकाश जवळजवळ सात वेळा निम्मा-निम्मा होतो, कारण २ चा सातवा घात १२८ आहे. बावीस मिनिटांत सात वेळा, म्हणजे सरासरीने दर तीन मिनिटांनी प्रकाश अर्धा! सुरुवातीला हा उतार जरा सावकाश असतो आणि पुढे तो वाढत जातो. मंगलाष्टके दहा मिनिटे चालली (आणि हौशी आत्या-मावश्या एकामागून एक उभ्या राहिल्या तर ती सहज चालतात), तर पहिल्या कडव्याच्या वेळी जुळवून ठेवलेला कॅमेरा शेवटच्या 'सावधान'ला पार चुकीचा ठरतो.

आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही. बाहुली मोठी होते, डोळ्याच्या पडद्याची संवेदनक्षमता वाढते आणि 'अजून चांगले दिसते आहे की' असे आपण म्हणत राहतो. डोळा हे प्रकाश मोजण्याचे साधन म्हणून फारच लबाड आहे. म्हणूनच जुने छायाचित्रकार गळ्यात प्रकाशमापक अडकवून हिंडत असत. आज तो मापक कॅमेऱ्याच्या पोटातच असतो.

सातारकरांना आणखी एक अडचण. शहराच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर उभा आहे. पंचांगातली सूर्यास्ताची वेळ मोकळ्या क्षितिजासाठी दिलेली असते. साताऱ्यात मात्र सूर्य त्याआधीच डोंगराआड जातो आणि मांडवावरचे सोनेरी ऊन अचानक नाहीसे होते. सांगलीला कृष्णाकाठची सपाट जमीन असल्याने ऊन शेवटपर्यंत टिकते. एकाच जोडप्याचे साखरपुड्याचे फोटो सांगलीला आणि लग्नाचे साताऱ्याला काढायचे असतील, तर पंचांग तेच, पण घड्याळ वेगळे ठेवावे लागते.

जाता जाता एक गंमत सांगतो. सूर्य मावळल्यावरही डोक्यावरचे आकाश गडद निळे दिसते. दिवसाच्या निळ्या रंगाचे कारण प्रकाशाचे विकिरण, हे तुम्ही शिकला आहात. परंतु संध्याकाळी सूर्यकिरण हवेतून फार लांबचा तिरपा प्रवास करून येतात. त्या वाटेत निळा प्रकाश इतका गळून गेलेला असतो, की नुसत्या विकिरणाने डोक्यावरचे आकाश फिकट, पिवळसर करडे दिसायला हवे. ते निळे राहते याचे मुख्य कारण वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन! ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो. हल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ साली हे दाखवून दिले. वधूवरांच्या मागे दिसणाऱ्या त्या सुंदर निळ्या पडद्याचे श्रेय असे ओझोनकडे जाते.

आता कॅमेऱ्याकडे वळू. कॅमेऱ्यात तीन गोष्टी आपल्या हातात असतात: भिंगाचे छिद्र किती उघडायचे, झडप किती वेळ उघडी ठेवायची आणि संवेदकाची संवेदनक्षमता किती धरायची. समजा, सूर्यास्ताला ४०० लक्स प्रकाश आहे. छिद्र एफ/४ आणि संवेदनक्षमता १६०० ठेवली, तर झडप सुमारे १/१६० सेकंद उघडी ठेवावी लागते. दहा मिनिटांनी प्रकाश तीन वेळा निम्मा झाला, की तेच छिद्र ठेवून १/२० सेकंद लागेल. यात बिघडते काय? अक्षतांचे पाहा. सुमारे १ मीटर खाली आलेल्या तांदळाच्या दाण्याचा वेग, हवेचा विरोध धरला नाही तर, सेकंदाला ४.४ मीटर असतो (सूत्र तुम्हाला ठाऊक आहे, पडताळून पाहा). १/१६० सेकंदात तो पावणेतीन सेंटिमीटर सरकतो आणि १/२० सेकंदात २२ सेंटिमीटर! दाणा जेमतेम ६-७ मिलिमीटर लांबीचा. तेव्हा चित्रात अक्षता दिसायच्या ऐवजी पांढऱ्या रेघा दिसणार, आणि हार घालणारे हात म्हणजे धुके.

पूर्वीची स्थिती याहून कठीण होती. १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मवर त्याच सूर्यास्ताला १/१० सेकंद लागला असता. आणखी मागे गेलो तर काचेवर लेप देऊन चित्रे घेत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा हीच पद्धत नवी होती. अशा लेपाला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे. म्हणून जुन्या फोटोंत नवराबायको स्टुडिओतल्या खुर्चीवर ताठ बसलेली दिसतात; मांडवातला फोटो सहसा नसतोच. आपल्याकडचे पहिले चलच्चित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मूळचे व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, ते उघड्यावरच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. छपराखाली पुरेसा प्रकाशच नसे.

ही कोंडी फुटली ती फ्लॅशमुळे. आधी मॅग्नेशियमची भुकटी पेटवत, मग एकदाच वापरायचे दिवे आले आणि १९३१ च्या सुमारास हॅरॉल्ड एजर्टन या अमेरिकन अभियंत्याने विजेचा झटपट चमकणारा दिवा वापरात आणला. त्याचे तत्त्व आज प्रत्येक छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर बसलेले आहे. चार छोट्या सेलची वीज आधी ३०० व्होल्टच्या वर चढवून धारित्रात साठवायची आणि एका क्षणात झेनॉन वायूच्या नळीतून सोडून द्यायची. समजा, धारित्राची धारकता १४०० मायक्रोफॅरड आणि विभवांतर ३३० व्होल्ट आहे. ऊर्जा = ½ × धारकता × विभवांतराचा वर्ग, म्हणजे सुमारे ७६ ज्यूल. ७६ ज्यूल म्हणजे फार नाही. ९ वॅटचा घरगुती दिवा साडेआठ सेकंदांत तेवढी ऊर्जा वापरतो. परंतु हीच ऊर्जा १/१००० सेकंदात बाहेर पडली, तर त्या क्षणापुरती शक्ती होते ७६ हजार वॅट! तेवढ्या वेळात अक्षतेचा दाणा साडेचार मिलिमीटरसुद्धा हलत नाही.

(एक सक्त सूचना: बिघडलेला फ्लॅश उघडून पाहण्याचा मोह टाळा. सेल काढले तरी धारित्रातला भार बराच काळ राहतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो.)

फ्लॅशची खरी मेख मात्र पुढे आहे. रिकामे झालेले धारित्र पुन्हा भरायला वेळ लागतो. सेल सेकंदाला १५-२० ज्यूल देऊ शकले, तर ७६ ज्यूल भरायला चार-पाच सेकंद हवेत. अंतरपाट दूर झाला आणि छायाचित्रकाराने उत्साहाने पूर्ण शक्तीने फ्लॅश मारला, तर पुढचे चार-पाच सेकंद तो आंधळा. नेमका त्याच वेळी वधूने हार घातला म्हणजे? सांगलीत हा व्यवसाय करणारा माझा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, "सर, आम्ही पाव शक्तीवरच काम करतो. बाकीची तीन पावे शिलकीत ठेवायची." त्याचे गणित बरोबर आहे. १९ ज्यूल खर्चले की सेकंदाभरात ती भरून निघते, शिवाय पाव शक्तीची चमक आणखी थोडक्या वेळाची असते, त्यामुळे अक्षता अधिकच स्पष्ट गोठतात. प्रकाश कमी पडतो, तो छिद्र मोठे करून किंवा संवेदनक्षमता वाढवून भरून काढायचा.

आणि येथेच एक फार सुंदर युक्ती आहे. फ्लॅशची चमक झडपेच्या वेळेपेक्षा खूपच लहान असते. त्यामुळे झडप १/१६० सेकंद उघडी असो की १/४० सेकंद, फ्लॅशमुळे उजळलेल्या चेहऱ्यांवर काहीच फरक पडत नाही. मागच्या आकाशावर मात्र पडतो. त्याला जितका वेळ द्याल तितके ते उजळते. म्हणजे एकाच चित्रातले दोन प्रकाश दोन वेगवेगळ्या चाव्यांनी कमीजास्त करता येतात: आकाश झडपेने आणि माणसे फ्लॅशच्या शक्तीने. गोरज मुहूर्ताच्या चांगल्या चित्रात मागे निळे आकाश आणि पुढे उजळ वधूवर दिसतात, ते असे. नवशिक्याच्या चित्रात चेहरे पांढरेफटक आणि मागे काळी रात्र. वेळ तीच, मांडव तोच!

फ्लॅशला व्यस्त वर्गाचा नियम लागू पडतो, हे समूहचित्रात फार छळते. आजी-आजोबा पुढे बसलेले, फ्लॅशपासून २ मीटरवर, आणि मागे बाकावर उभी राहिलेली चुलतभावंडे ४ मीटरवर. अंतर दुप्पट, म्हणून मागच्यांना पुढच्यांच्या पाव प्रकाश. आजोबा धुतल्यासारखे पांढरे आणि भावंडे अंधारात. उपाय काय? मागे सरका. पहिली रांग ६ मीटरवर आणि शेवटची ८ मीटरवर आली, की गुणोत्तर ६/८ चा वर्ग, म्हणजे ०.५६ होते. फरक बराच कमी झाला. पण आता पहिल्या रांगेवरचाच प्रकाश नऊपटीने घटला, तेव्हा फ्लॅशची सगळी शक्ती लागणार. समूहचित्राला ती देता येते, कारण तिथे पाच सेकंद थांबायला कोणाची हरकत नसते. बंद खोलीत पांढऱ्या छतावर फ्लॅश उडवून प्रकाश सारखा पसरवता येतो. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात असे केले तर सगळे वऱ्हाड नारिंगी होते.

रंगावरून हळदीचा विषय निघाला. सांगली ही हळदीची जुनी बाजारपेठ. 'सांगलीची हळद' या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीतला पिवळा घटक निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि लाल-हिरवा परत पाठवतो, म्हणून ती पिवळी. आता हळदीच्या कार्यक्रमात काय होते? हळद पिवळी, पडदे पिवळे, साड्या पिवळ्या, झेंडू पिवळा. कॅमेऱ्याच्या आतले यंत्र समजते की दिव्याचाच प्रकाश पिवळा आहे आणि तो पांढरा करण्यासाठी ते चित्रात निळा रंग वाढवते. परिणामी, नवरी राखेसारखी निस्तेज दिसते! जाणता छायाचित्रकार म्हणून हे काम यंत्रावर सोपवत नाही. तो कार्यक्रमापूर्वी त्याच प्रकाशात करड्या पुठ्ठ्याचे एक चित्र घेतो आणि कॅमेऱ्याला 'हे करडे आहे' असे सांगून ठेवतो. तुम्हीही हे करून पाहा. ताटभर हळद मोबाईलच्या चौकटीत भरेल अशी धरा, मध्ये पांढऱ्या कागदाचा लहान तुकडा ठेवा आणि कागद पडद्यावर कोणत्या रंगाचा दिसतो ते नोंदवा. मग ताट दूर न्या, चौकटीत आजूबाजूची जमीन येऊ द्या आणि फरक पाहा.

मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांचा उपद्रव वेगळाच. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. झडप फार लवकर मिटली तर चित्रात काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवली, की पूर्ण लहरी सामावून पट्टे जातात.

या व्यवसायाचे वर्षही पाहण्यासारखे आहे. चातुर्मासात मुख्य मुहूर्त नसतात. पंचांगात गौणकालातले थोडे असतात तेवढेच. तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू होतो आणि आषाढापर्यंत चालतो. दाट तिथीला एकाच दिवशी मिरजेला सकाळी आणि इस्लामपूरला गोरज, अशी धावपळ होते. नंतर चार महिने हाताला काम कमी. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली ती ऐन हंगामात, आणि चैत्र-वैशाखाची लग्ने रद्द झाली किंवा पाच-पन्नास माणसांत उरकली. वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत व्हायची, तेच महिने गेले. अनेकांच्या कॅमेऱ्यांचे हप्ते मात्र थांबले नव्हते.

पावसाळा भिंगांनाही सोसत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जावळी-पाटणकडच्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. तिच्यापासून निघणारे आम्ल काचेवरचा पातळ लेप खाते, आणि मग भिंग कितीही पुसा, चित्र धूसरच. म्हणून भिंगे हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतात आणि अधूनमधून बाहेर काढून उजेड दाखवतात. म्हसवडच्या छायाचित्रकाराला बुरशीची नव्हे, धुळीची काळजी.

फिल्मच्या काळात एका रोलवर ३६ चित्रे. दोन रोल संपले की लग्न संपले, असे म्हणत. आज एका लग्नात तीन हजार चित्रे सहज निघतात. प्रत्येक मूळ फाइल २५-३० मेगाबाइटची धरली तर सुमारे ८० गिगाबाइट होतात. लग्न दोन दिवसांचे, निवड दोन आठवड्यांची. शिवाय ही चित्रे एकाच डिस्कवर ठेवली तर एका बिघाडात सगळे जाते, म्हणून चांगल्या कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद होते आणि घरी पोचताच तिसरी प्रत काढतात.

पण छापील अल्बमचे काय? सांगलीकरांना हा प्रश्न २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी विचारला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर लोकांनी कपाटे उघडली तेव्हा अल्बमच्या जागी चिखलाचे ठोकळे होते. भांडी घासून निघतात, गाद्या नव्या घेता येतात. वारलेल्या आईच्या लग्नाचा फोटो पुन्हा कोठून आणणार? म्हणून अशा वेळी काय करावे हे तुम्हाला माहीत असलेले बरे.

रंगीत छायाचित्र म्हणजे कागदावर जिलेटिनचे पातळ थर आणि त्यांत रंगद्रव्ये. जिलेटिन पाण्यात फुगते, मऊ होते. ते ओलेच असेल तोवर चिकटलेली दोन चित्रे अलग करता येतात. समोरासमोर ठेवून वाळली, तर दोन्ही थरांचा एकच थर होतो आणि मग ओढले की चेहराच निघून येतो. म्हणजे भिजलेला अल्बम उन्हात टाकणे ही सगळ्यांत वाईट गोष्ट. प्रथम तो स्वच्छ, गार पाण्यात बुडवा. पाने सोडवत चित्रे एकेक करून काढा, पृष्ठभागाला बोट न लावता कडेला धरून दुसऱ्या पाण्यात विसळा आणि सावलीत, चित्राची बाजू वर करून किंवा दोरीला कोपऱ्यात चिमटा लावून वाळवा. मात्र ४८ तासांहून अधिक काळ पाण्यात ठेवू नका, कारण जिलेटिन हे जीवाणूंचे आवडते खाद्य आहे. हाताशी वेळ नसेल आणि शीतकपाट चालू असेल, तर ओली चित्रे मेणकागद मध्ये घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. पुढे सवडीने सोडवता येतील. शाईच्या छपाईयंत्रावर काढलेली चित्रे मात्र बुडवू नयेत, त्यांची शाई वाहून जाते. ती तशीच पसरून वाळवावीत.

भिंतीवरच्या तसबिरीतले चित्र काचेला चिकटून वाळले असेल, तर ते ओढायला जाऊ नका. काचेसकट तसबिरीचे नवे छायाचित्र घ्या. कॅमेरा बरोबर समोर आणि दोन्ही बाजूंना एकेक दिवा, काचेशी ४५ अंशांवर. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, त्यामुळे काचेवरून परतणारी चकाकी समोरच्या बाजूला निघून जाते, कॅमेऱ्यात शिरत नाही. तुमच्या मागची खिडकी मात्र तेवढी बंद करून घ्या.